पहिल्यासारखं होईल ना?

आई-बाबांनो,

अणदूर, जळकोट, नळदुर्ग या पट्ट्यात पालकांशी बोलायला बसलं की एक प्रश्न हमखास येतो. मूल समुपदेशकाकडे दोन-तीनदा जाऊन आलेलं असतं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या सुरू झालेल्या असतात. मग इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच विचारते, “मॅडम, लेकरू पहिल्यासारखं होईल ना?” वडील तेवढ्यापुरते मोबाईलमध्ये बघतात, पण कान इकडेच असतात.

मी खरं ते सांगते. नाही होणार. आणि तुमचा जीव खाली-वर व्हायच्या आत पुढचंही सांगते. पहिल्यासारखं होऊन उपयोग नाही, कारण पहिल्यासारखं असतानाच ते आजारी पडलं.

हे ऐकायला कडू लागतं, मला माहीत आहे. पण “पहिलं कसं होतं?” असं मी विचारते तेव्हा तुम्ही काय सांगता ते आठवून बघा. “लई शहाणं होतं हो. सांगितलेला शब्द खाली पडू देत नव्हतं. कधी उलटून बोललं नाही. स्वतःहून काही मागितलं नाही.” तुम्ही हे कौतुकानं सांगता. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र येतं की पंधरा-सोळा वर्षांत या पोरानं एकदाही स्वतःसाठी काही मागितलं नाही, म्हणजे मागायची जागाच त्याला सापडली नसेल.

एका घरातलं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दहावीला शाळेत वरच्या नंबरात आलेली मुलगी. गावात बॅनर लागला, मामानं फेटा बांधला, आणि जूनमध्ये लातूरला ‘नीट’च्या क्लासला रवानगी झाली. वसतिगृहाचे, क्लासचे, मेसचे पैसे भरायला वडिलांनी सोसायटीचं कर्ज फिरवलं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी माहीत होतं. पोरांना सगळं माहीत असतं. दिवाळीच्या आधी ती घरी आली ती परत गेलीच नाही. दिवसभर पांघरूण डोक्यावर. रात्री जागी. जेवायला बोलावलं की “भूक नाही”. आधी गावातल्या डॉक्टरांकडे रक्त तपासून झालं, मग उतारा झाला, मग आत्यानं सुचवलं की लग्न लावून टाका, आपोआप ठिकाणावर येईल. ती मानसोपचाराच्या दारात पोहोचेपर्यंत उन्हाळा लागला होता.

पुढं काय झालं ते सांगणारच आहे, पण आधी आपल्या भागाबद्दल थोडं बोलते. आपल्याकडे कुणी म्हणालं की “हे मानसोपचार वगैरे शहरातल्या लोकांचे चोचले”, की मला 1993 आठवतं.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा पट्टा हादरला. दगड-मातीच्या जाड भिंती माणसांवर कोसळल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मोडलेल्या हातापायांवर उपचार, पाणी, धान्य, पत्र्याची शेड, हे सगळं आलं, देशभरातून आलं. पण जे वाचले त्यांच्या आत काय मोडलं होतं? मानसोपचार तज्ज्ञांच्या एका गटानं वाचलेल्या काही गावकऱ्यांना तपासलं. तो अहवाल 1996 साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री’त छापून आला. तपासलेल्यांपैकी 59 टक्के लोकांना निदान करावं इतका मानसिक त्रास होता. म्हणजे त्या जर्नलात आपल्याच शेजारच्या माणसांची झोप उडाल्याची नोंद आहे. छपराखाली झोपायला घाबरणारी, पावसाळ्यातही अंगणात पथारी टाकणारी माणसं या भागानं कितीतरी दिवस पाहिली. त्यांना कुणी वेडं म्हटलं नाही. कारण समोर ढिगारा दिसत होता.

तुमच्या मुलाचा ढिगारा दिसत नाही, एवढाच फरक.

त्या भूकंपानंतर 52 गावं पूर्णपणे दुसरीकडे वसवली. रस्ते सरळ, घरं एका रेषेत. जुन्या लोकांनी खूप वर्षं कुरकुर केली, की हे गावच वाटत नाही, गल्ली नाही, वाडा नाही, शेजारचा आवाज येत नाही. कुरकुर खरीच होती. पण जुनं गाव पुन्हा तसंच, त्याच भिंतींनी बांधा असं सहसा कुणी म्हटलं नाही, कारण त्या भिंतींनीच माणसं मारली होती. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपातली सुमारे 1,200 मुलं पुण्याला नेली, शिकवली. ती मुलं मोठी झाली, नोकऱ्या-धंद्याला लागली. त्यांच्यापैकी कुणाला “तू भूकंपाआधी होतास तसा झालास का?” असं विचारणं किती विचित्र वाटेल बघा.

आणि याच पडझडीच्या दशकात अणदूरला एक काम उभं राहिलं, ते तुम्ही जवळून पाहिलं आहे. डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांची हॅलो मेडिकल फाउंडेशन. वैद्यकीय कॉलेजातल्या पोरांच्या एका अभ्यासगटातून ही संस्था निघाली. त्यांनी डॉक्टर गावोगाव नेमायचा हट्ट धरला नाही. गावातल्याच बायकांना निवडलं, शिकवलं, आणि त्यांना ‘भारतवैद्य’ म्हटलं. ताप, जुलाब, गरोदर बाई, लहान बाळ, एवढं तिनं बघायचं आणि मोठं काही असलं तर पुढं पाठवायचं. सुरुवातीला लोक म्हणालेच असतील, “ही काय औषध देणार, कालपर्यंत आमच्या बांधावर खुरपत होती.” पण ती घरात यायची, बसायची, चहा घ्यायची, ऐकायची. गोळी दोन मिनिटांची, बसणं अर्ध्या तासाचं. मला विचाराल तर आपल्या भागात समुपदेशनाची ओळख त्या बसण्यातून झाली, नाव कुणी दिलं नाही इतकंच.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. गोव्यात ‘संगत’ नावाची संस्था 1996 पासून काम करते. डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या गटानं मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या माणसांना शिकवून तयार केलं, आणि सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांबरोबर बसवलं. सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी पाहिलं तर अशा भेटी मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नुसती नेहमीची देखभाल मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. तिकडे झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर बसवलं, आणि त्याही बाकड्यानं काम केलं. आपल्याकडच्या एखाद्या भारतवैद्य बाईला या दोन्ही गोष्टी सांगितल्या तर तिला त्यात नवल वाटणार नाही, असा माझा अंदाज आहे.

आता समुपदेशनाच्या खोलीत नेमकं होतं काय, हे सांगते, कारण तुमची अर्धी भीती तिथेच आहे. तुम्हाला वाटतं की आत गोड बोलून लेकराच्या तोंडून घरातली भांडणं काढून घेतात आणि आई-बापाला आरोपी करतात. किंवा वाटतं की नुसत्या गप्पा मारतात आणि पैसे घेतात.

लातूरहून परतलेल्या त्या मुलीला पहिल्या भेटींत कुणी ‘नीट’बद्दल विचारलंच नाही. तिला एक वही दिली. सकाळपासून रात्रीपर्यंत कधी काय केलं आणि तेव्हा मनाला कसं वाटलं, एवढंच लिहायचं. पहिल्या आठवड्यात वहीत झोपणं, पडून राहणं, मोबाईल, पुन्हा पडून राहणं. एका ठिकाणी मात्र लिहिलं होतं, ‘शेळीला पाला टाकला.’ आणि त्यापुढं, ‘बरं वाटलं, थोडं.’ समुपदेशक बाईंनी ती ओळ धरली. उद्या पुन्हा पाला टाकशील? परवा शेळीला ओढ्यापर्यंत नेशील? गोव्यातल्या त्या कामातही हीच पद्धत होती. मन बरं झालं की हात हलवू, असं म्हणत बसलं तर मन बरं होत नाही. हात थोडे हलवले की मन मागून येतं. तुम्हाला वाटेल, हे तर आम्हीही सांगत होतो, “ऊठ, जरा काम कर.” सांगत होता, पण तुम्ही दहा कामं एकदम सांगत होता, आणि ती नाही झाली की तोंड वाकडं करत होता. इथं एक छोटं काम, तिनंच निवडलेलं, आणि नाही झालं तर ओरडा नाही, फक्त “काय आडवं आलं?” असा प्रश्न.

त्यानंतर तिच्या डोक्यातल्या वाक्यांची पाळी आली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी एक विचारपद्धती मांडली. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती भारतात रुजवली, आणि ठाण्यात 1990 साली सुरू झालेल्या आयपीएच या संस्थेच्या डॉ. आनंद नाडकर्णींनी ती मराठी माणसाच्या बोलीत आणली. तिचा गाभा असा, की घटना आपल्याला जेवढं पाडते त्याहून जास्त त्या घटनेवर आपण लादलेला ‘च’ पाडतो. मला सीट मिळायलाच पाहिजे. बाबांना मान खाली घालायला लागताच कामा नये. नाही मिळाली तर मी कुणीच नाही. त्या मुलीला विचारलं गेलं, सीट मिळाली तर आवडेल, हे ठीक. पण मिळाली नाही तर तू माणूस म्हणून संपतेस, हे कुठे लिहिलंय? ती खूप वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “आमच्या बॅनरवर.”

मला ते उत्तर फार आवडलं होतं. आजारी पोरीच्या तोंडून विनोद निघाला म्हणजे आत काहीतरी हललं.

पुढं तिनं कॉलेज बदललं. एमबीबीएसचा नाद सोडला, बी.एस्सी. कृषीला जायचं ठरवलं, आणि हे ठरवताना वडिलांच्या तोंडावर, डोळ्यांत बघून सांगितलं. तेव्हा वडील माझ्याकडे तक्रार घेऊन आले. “मॅडम, आम्ही बरी करायला पाठवली होती. ही तर उलट बोलायला शिकून आली.”

बाबांनो, तेच तर बरं होणं होतं.

मला कळतं की ते पचत नाही. तुम्ही गमावलेलं लेकरू शोधायला गेलात आणि एक वेगळंच मूल हातात आलं. ते ‘नाही’ म्हणतं. दार लावून घेतं. कधी रडतं, आणि आधी रडत नव्हतं म्हणून तुम्हाला वाटतं की बिघडलं. उपचारात मध्येच असा काळ येतो की मूल अधिक चिडकं, अधिक हट्टी दिसतं. दाबून ठेवलेलं वर येतं ना. बरेच पालक नेमके तिथे उपचार बंद करतात. “फरक पडायचा सोडून वाढलंच” असं म्हणतात. अशा वेळी बंद करायच्या आधी उपचार करणाऱ्यांना तोंडावर विचारा. चिडणं अपेक्षित आहे की खरंच काही चुकतंय, हे ते सांगतील. चुकत असेल तर पद्धत बदलतील. तुम्हाला विचारायचा हक्क आहे. मी डोळे झाका असं म्हणत नाहीये.

“पण आम्हीच समजावतो ना, बाहेरच्या माणसाची काय गरज?” हाही नेहमीचा प्रश्न. बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या शाळांत एक मोठा अभ्यास झाला, 2018 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. मुलांच्या मनाच्या आरोग्याचा एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी चालवला आणि काही शाळांत त्यासाठीच नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी. नेमलेल्या माणसांच्या शाळांत फरक स्पष्ट दिसला. शिक्षकांच्या शाळांत दिसला नाही. शिक्षक वाईट होते असं नाही. पण हातात गुणांचं पान असलेल्या माणसापुढं मूल मन कसं उघडेल? आपल्या हातात तर गुणांच्या पानाहून मोठ्या गोष्टी असतात. फी आपल्या हातात, लग्न आपल्या हातात, आईचे डोळे भरून येणं आपल्याच हातात. तुम्ही कितीही प्रेमानं समजावलं तरी तुमच्या प्रत्येक वाक्याला मुलाला किंमत मोजायला लागते. बाहेरच्या बाईपुढं ती नसते.

याचा अर्थ तुमचं काम संपलं असा नाही. तुमच्याकडे बघून मला काळजी वाटते ती वेगळीच. या भागात एखाद्या घरातलं मूल उपचारासाठी आलं, तर निम्म्या वेळा मला वाटतं की आलेल्यांपैकी सगळ्यात दमलेला माणूस मूल नाहीच. तो खुर्चीच्या टोकावर बसलेला बाप आहे. सोयाबीन पावसानं गेलं, तुरीला भाव नाही, आणि बाहेर कुणालाच कळू द्यायचं नाही. शासनानं 2015 च्या सुमारास मराठवाडा आणि विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आणला, आपला जिल्हा त्यात होता. आशाताई घरोघरी जाऊन विचारायच्या, झोप लागते का, जगण्यात रस वाटतो का. “ठीक आहे” असं उत्तर देऊन त्यांना चहा पाजून पाठवणारे बाप मी पाहिले आहेत. मुलगा हे सगळं जोत्यावर बसून ऐकतो. “आपल्याकडे असं बोलायचं नसतं” हे तो तिथेच शिकतो. मग तोही “ठीक आहे” म्हणतो, पुढं बारावीपर्यंत म्हणत राहतो.

म्हणून मुलाला नवी सुरुवात करायची असेल तर घरात एखाद्या मोठ्या माणसानंही थोडं बदलावं लागतं. बाबा, तुम्ही एकदा स्वतःसाठी जाऊन या. मुलाला घेऊन नको, एकटे जा. आणि घरी येऊन जेवताना सांगा की मी जाऊन आलो. पोराच्या दहा भेटींत जे होणार नाही ते कधीकधी या एका वाक्यानं होतं. आईंनाही सांगते, पण आई बहुतेक ऐकतात. बापाचंच अवघड जातं.

आता देवाचं. आपला खंडोबा. अणदूर आणि नळदुर्गाजवळचं मैलारपूर, दोन देवळं, मूर्ती मात्र एकच. वर्षातला मोठा काळ अणदूरला आणि पौषाच्या यात्रेच्या दिवसांत मैलारपूरला. दोन्ही गावचे लोक लेखी करार करून देवाला नेतात-आणतात. देव दरवर्षी बिऱ्हाड हलवतो आणि कुणाला त्यात अपशकून दिसत नाही, पण पोरीनं कॉलेज बदललं की घराणं बुडाल्यासारखं तोंड! असो. मला म्हणायचं ते हे, की लेकराला देवळात नेऊ नका असं मी कधीच सांगत नाही. भंडारा लावा, नवस बोला, तुळजापूरला जाऊन या, आईला धीर येतो आणि आईचा धीर मुलाला लागतो. गुजरातेत उनावा इथं मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुवा एकाच आवारात मिळण्याची सोय केली गेली. मुजावर दुवा देतात आणि डॉक्टरकडेही पाठवतात. तसं आपणही करू शकतो. फक्त दोन गोष्टींना माझा विरोध आहे. देवऋषी म्हणाला म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या बंद करणं ही एक. आणि भूत काढायच्या नावाखाली मुलाला मारणं, कोंडणं, धुरी देणं ही दुसरी. ही दुसरी गोष्ट तर महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

जायचं कुठं? धाराशिवच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथं खर्च नगण्य. किशोरवयीन मुलांसाठी सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री’ क्लिनिक असतात. आपल्या जवळ कुठं आहे ते आशाताईला विचारा. सोलापुरात खासगी तज्ज्ञ आहेत. घरबसल्या 14416 हा टेलीमानसचा नंबर आहे. केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये तो सुरू केला, रात्री-अपरात्रीही चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. खासगी ठिकाणी जाणार असाल तर समोरच्या माणसाचं शिक्षण काय, हे बिनदिक्कत विचारा. गोळ्या लिहून देणारा मानसोपचार तज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर असतो. बोलून उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांचं शिक्षण वेगळं. ‘समुपदेशक’ अशी पाटी मात्र कुणीही लावू शकतं, म्हणून विचारायचं. “तीन भेटींत शंभर टक्के खात्री” असं कुणी म्हणालं, तर उठून या.

आणि एक गोष्ट, जी वेळेवर झालीच पाहिजे. मूल “मला जगायचं नाही” असं म्हणालं, लिहिलं, किंवा स्वतःच्या वस्तू वाटून टाकायला लागलं, तर “असं बोलू नये” म्हणून विषय बदलू नका. सरळ विचारा, “मरायचे विचार येतात का?” विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, मुलाला हलकं वाटतं की कुणाला तरी दिसलं. त्या रात्री त्याला एकटं झोपवू नका, दुसऱ्या दिवशीची वाट न बघता दवाखाना गाठा. आणि घरातलं फवारणीचं औषध कुलपात, नाहीतर घराबाहेर दूर ठेवा. आपल्याकडे ते औषध कोनाड्यात, तेलाच्या बाटलीशेजारी सापडतं, आणि ज्या घरांत एखाद्या बऱ्या होऊ शकणाऱ्या मुलाला आपण गमावलं त्यांतल्या कितीतरी घरांत ते हाताशी होतं. पोलिसांची भीती मनातून काढा. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की असा प्रयत्न करणारा माणूस मोठ्या तणावाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे.

लोक काय म्हणतील, हे राहिलं. म्हणतील. मुलीचं लग्न कसं जमेल, असंही आत्या विचारेल. आत्याला सांगा की पोरीची तब्येत बघायला जातोय, बास. सगळ्यांना सगळं सांगायची सक्ती नाही. मुलानं खोलीत जे सांगितलं ते तुमच्यापर्यंत शब्द न् शब्द येणार नाही, तसंच घरातलं आत्यापर्यंत जायची गरज नाही. जिवाला धोका असेल तर तज्ज्ञ तुम्हाला बोलावून सांगतील, बाकीचं मुलाचं त्याच्यापाशी राहू द्या. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ हा सिनेमा आत्याला एकदा दाखवता आला तर मात्र दाखवा. नैराश्यातल्या एका पोराची गोष्ट आहे, 2016 सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सुवर्णकमळ पुरस्कार मिळालेला सिनेमा आहे, म्हणजे आत्याला बघायला कमीपणाही नाही.

पहिल्या भेटीला जाताना काही साध्या गोष्टी सांभाळा. आधीच्या गोळ्यांची चिठ्ठी, रक्ताचे रिपोर्ट बरोबर घ्या. झोप कधीपासून उडाली, जेवण कधीपासून तुटलं, घरात आधी कुणाला असा त्रास होता का, हे आई-बाबांनी आदल्या रात्री बसून कागदावर लिहून काढा. तिथं गेल्यावर आठवत नाही आणि दोघांत वाद होतो. नेताना मुलाला खोटं सांगू नका. “सोलापूरला कपडे घ्यायला चाललो” म्हणून नेलेलं मूल त्या खोलीत तोंड उघडत नाही. दोघंही चला, पण सगळं खानदान नको. आत तुम्हाला थोडा वेळ बसवतील, मग बाहेर जायला सांगतील. निमूट बाहेर जा, दाराला कान लावू नका. परतताना एसटीत “काय विचारलं गं? तू काय सांगितलंस? आमचं नाव घेतलंस का?” अशी उलटतपासणी सुरू करू नका. ती स्वतःहून बोलली तर ऐका, नाही बोलली तर नळदुर्गला उतरून चहा-भजी खा. आणि पुढच्या भेटीची तारीख निघण्याआधी तिथेच मागून घ्या. घरी आल्यावर सोयाबीन, लग्न, पाहुणे यात ती राहून जाते.